आर-नाइन पेट्रोल पाइप: वासावर उतारा आहे, पण जागा बघून

"पेट्रोल पाइप द्या, आठ एमएम" एवढंच म्हटलं, तर सांगली-मिरजेतल्या काउंटरवर बहुधा आर-सेव्हन दर्जाचा साधा पाइप कापून हातात पडतो. काळा, मऊ आणि स्वस्त. कार्बोरेटरच्या गाडीला तो चालतो, कारण तिथे पंपाचा दाब अर्ध्या बारच्याही आत असतो. इंजेक्शनच्या गाडीत रेलकडे, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल वाटणाऱ्या नळीकडे, जाणारा दाब ३ ते ४ बार. तिथे पाइपवर 'एसएई जे३० आर९' असं छापलेलं असलं पाहिजे. एसएई जे३० हे इंधनाच्या पाइपांचं मानक आणि आर९ म्हणजे त्यातला आर-नाइन दर्जा. छपाई नसेल तर दुकानदाराच्या शब्दावर घेऊ नये, मग तो कितीही ओळखीचा असो.

दोन्ही पाइपांतला खरा फरक दाबापेक्षा झिरपण्यात आहे. मानकाप्रमाणे आर-सेव्हनच्या रबरातून दर चौरस मीटरला दिवसाला ५५० ग्रॅमपर्यंत पेट्रोल झिरपलेलं चालतं, आर-नाइनला मर्यादा फक्त १५ ग्रॅमची. म्हणजे आठ एमएमच्या मीटरभर आर-सेव्हनमधून दिवसाला १४ ग्रॅमपर्यंत वाफ बाहेर पडू शकते, आणि आर-नाइनमधून अर्धा ग्रॅमसुद्धा नाही. "मेस्त्री, कुठंच ओलं नाही, पण गाडीत वास येतो" या तक्रारीचं मूळ अनेकदा इथे असतं. आर-नाइनच्या आत फ्लुरोरबरचा थर असतो, म्हणून इथेनॉलमिश्रित पेट्रोललाही तो दाद देत नाही. जुना नायट्राइल रबर मात्र फुगतो, नंतर कडक होऊन तडकतो. ऊस आपला, इथेनॉल आपलं, तडकलेला पाइपही आपलाच.

किंमत साध्या पाइपच्या कितीतरी पट आहे, पण बहुतेक गाड्यांना लागतो वीतभर ते हातभर. तेवढ्यासाठी हात आखडता घेण्यात अर्थ नाही.

तरीही पाइप आणण्याआधी वास कुठून येतो ते बघा. एसी आतल्या हवेवर, म्हणजे रीसर्क्युलेशनवर, टाका. वास गेला तर तो बॉनेटखालून काचेच्या बुडाशी असलेल्या जाळीतून आत येतोय. तसाच राहिला तर मागच्या बाजूला, टाकीकडे संशय धरा. सकाळी थंड गाडीत वास, पाच मिनिटांनी गायब, असं असेल तर इंजेक्टरची ओ-रिंग (रबरी कडी) किंवा पाइपचं टोक बघा. थंडीत आकसलेलं रबर गळतं आणि इंजिन तापलं की फुगून बसतं. म्हणूनच दुपारी गॅरेजमध्ये गाडी नेली की काहीच सापडत नाही. चावी फक्त ऑन करून पंपाचा आवाज थांबेपर्यंत थांबा, बंद करा, असं चार वेळा केलं की सेल्फ न मारता लाइनमध्ये पूर्ण दाब येतो. मग टिश्यू पेपर प्रत्येक जोडावरून फिरवायचा. उघडा बल्ब जवळ नको, बॅटरीचा टॉर्च घ्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, त्यामुळे पिटमध्ये, म्हणजे गाडीखाली उतरायच्या खड्ड्यात, साचून राहते.

टाकी फुल केल्यावरच वास येत असेल तर आर-नाइन घेऊन उपयोग नाही. फिलरच्या, म्हणजे पेट्रोल भरायच्या, जाड नळीची क्लिप आणि टाकीतल्या पंपाच्या झाकणाखालची रिंग तपासा. ऑटो-कट झाल्यावरही राउंड फिगरसाठी पेट्रोल कोंबायची सवय असेल तर कॅनिस्टरमधला, म्हणजे टाकीची वाफ शोषणाऱ्या डब्यातला, कोळसा भिजतो. तशीच गाडी सांगलीहून महाबळेश्वरला, साधारण ८०० मीटर वर, नेली की हवेचा दाब कमी झाल्याने वाफ आणखी वाढते. कॅनिस्टरमधली वाफ इंजिनकडे सोडणारा पर्ज व्हॉल्व्ह काढून तोंडाने फुंकून बघा. वीज न देता हवा आरपार गेली तर तो उघडाच अडकलाय. वाफ गळली तरी बऱ्याच गाड्यांत चेक इंजिनचा दिवा लागत नाही, म्हणून स्कॅनर "नो फॉल्ट" म्हणाला तरी विश्वास ठेवू नका.

सांगलीत सेकंडहँड गाडी असेल तर एक जास्तीची तपासणी: २०१९ किंवा २०२१ च्या महापुरात ती बुडाली होती का? कॅनिस्टरच्या हवेच्या तोंडात कृष्णेचा गाळ बसला की टाकीला श्वास घेता येत नाही, झाकण उघडताना फस्स आवाज होतो. टाकीवरच्या क्लिपाही गंजलेल्या सापडतात.

बसवताना आधी पंपाचा फ्यूज काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवा, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. पाइप ब्लेडने सरळ कापा, करवतीने नको, चुरा इंजेक्टरमध्ये जातो. धातूच्या नळीवर तो किमान इंचभर चढवा आणि क्लिप उंचवट्याच्या मागे आवळा. खाचांची साधी क्लिप रबर कुरतडते, त्यामुळे गुळगुळीत पट्टीची, कडा वळवलेली इंजेक्शन क्लिप मागा. ती न ठेवणाऱ्या दुकानातून पाइपही घेऊ नका.

दोन ठिकाणी हा पाइप चालत नाही. टाकीच्या आत पेट्रोलमध्ये बुडालेल्या तुकड्याला आर-टेन लागतो, कारण आर-नाइनचं बाहेरचं कवच पेट्रोलात टिकत नाही. आणि क्विक कनेक्टरची, म्हणजे दाबून बसणाऱ्या जोडाची, नायलॉन लाइन असेल तर ती कापून मध्ये रबर जोडणं हा जुगाड आहे, पूर्ण लाइनच बदला. इंजेक्टरची ओ-रिंग वायटॉनची, म्हणजे फ्लुरोरबरची, घ्या आणि ग्रीस न लावता स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवून बसवा.

सगळं जोडल्यावर फ्यूज आणि बॅटरी लावून चावी पुन्हा चार वेळा ऑन, पुन्हा टिश्यू. कोरडा निघाला तरी गाडी रात्रभर उभी करून सकाळी थंड असताना एकदा परत फिरवा.