ऑटॉप्सी : तपास अधिकारी आणि बचाव पक्ष दोघांनाही वापरता येणारे फॉरेन्सिक सॉफ्टवेअर

डिजिटल फॉरेन्सिकचे सॉफ्टवेअर किती फाइली शोधून काढते यापेक्षा त्याने शोधलेले न्यायालयात टिकते का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो, आणि त्या कसोटीवर ऑटॉप्सी बऱ्याच अंशी उतरते. ब्रायन कॅरिअर यांच्या ‘द स्लूथ किट’ या डिस्क तपासणीच्या साधनसंचावर उभारलेले हे सॉफ्टवेअर मुक्त स्रोत आणि विनामूल्य असल्यामुळे बचाव पक्षाच्या तज्ज्ञालाही तीच डिस्क इमेज (डिस्कची हुबेहूब प्रत) त्याच साधनाने तपासता येते आणि निष्कर्षाबद्दल शंका असल्यास मूळ कोडपर्यंत जाता येते. आरोपीच्या न्याय्य हक्कासाठी ही मोठी गोष्ट आहे.

ई०१ या फॉरेन्सिक प्रकारच्या इमेजमध्ये नोंदलेला हॅश, म्हणजे डेटावरून गणिताने काढलेली ठशासारखी संख्या, ऑटॉप्सीचे एक मॉड्यूल पुन्हा मोजून ताळा करते. इमेज घेतल्यानंतर त्यातील डेटात एका बिटाचा जरी फरक पडला असेल, तरी तो येथे उघडा पडतो. हे मॉड्यूल वेळ खाते म्हणून बंद ठेवणे मला अक्षम्य वाटते.

सर्वांत उपयुक्त भाग टाइमलाइनचा, म्हणजे फाइलींच्या हालचाली वेळेच्या क्रमाने दाखवण्याचा, आणि सर्वाधिक सावधगिरीही तिथेच हवी. इमेज जोडताना टाइम झोन निवडावा लागतो. विंडोजच्या डिस्कवरील एनटीएफएस ही फाइल प्रणाली फाइलींच्या वेळा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवते, तर पेन ड्राइव्हवर अनेकदा आढळणारी फॅट३२ ही प्रणाली स्थानिक वेळ साठवते. त्यामुळे चुकीचा टाइम झोन निवडला, तर पेन ड्राइव्हवरील फाइलींच्या वेळा काही तासांनी सरकतात आणि त्या वेळी दुसरीकडे असलेला माणूस संगणकासमोर बसलेला दिसू शकतो. इतक्या गंभीर निवडीसाठी पडद्यावर ठळक इशारा असायला हवा होता.

मोठ्या डिस्कवर शब्दशोधाची अनुक्रमणिका तयार होण्यास फार वेळ लागतो. एसएसडी प्रकारच्या डिस्कवर ट्रिममुळे (डिलीट केलेल्या फाइलींची जागा रिकामी करून टाकणारी सोय) पुसला गेलेला मजकूर परत मिळण्याची आशा कमीच, पण तो दोष ऑटॉप्सीचा नाही. जप्त वस्तू कोणाच्या ताब्यातून कोणाकडे गेली, याची अखंड नोंद मात्र तपास अधिकाऱ्यालाच ठेवावी लागते. त्यासाठी डिजिटल पुरावा गोळा करून जतन करण्याविषयीचे आयएसओ/आयईसी २७०३७ हे २०१२ चे आंतरराष्ट्रीय मानक सोबत वाचावे.

पुरावा परदेशातील सर्व्हरवर असेल, तर ऑटॉप्सीआधी कायद्याचे काम सुरू होते. सायबर गुन्ह्यांविषयीच्या २००१ च्या बुडापेस्ट करारात सहभागी देशांना असा डेटा नष्ट होण्याआधी तातडीने जतन करण्याची विनंती परस्परांना करता येते. तो कायदेशीर मार्गाने हाती आल्यावरच या सॉफ्टवेअरचा उपयोग.