साखर-यीस्ट की सोडा-सायट्रिक? दोन फुटी टाकीसाठी स्वस्तातला सीओटू

झाडं लावलेल्या माशांच्या टाकीला सीओटू, म्हणजे कार्बन डायऑक्साइड गॅस, द्यायचा आहे, टाकी तीन फुटांच्या पुढची आहे आणि सिलिंडर-रेग्युलेटरचा खर्च झेपतोय, तर सरळ सिलिंडर घ्या. आणि टाकीत फक्त अनुबियास, जावा फर्न असतील तर गॅसची गरजच नाही, ती झाडं निवांत वाढतात. अडचण होते ती दोन फुटी, पन्नास-साठ लिटरच्या टाकीत जरा नखरेल झाडं लावणाऱ्यांची. मी रोटाला मॅक्रांड्रा लावली होती. मूळची दक्षिण भारतातलीच, पण गॅस नसेल तर रडतखडत जगते. तिच्यासाठी मी आधी यीस्टची बाटली वर्षभर चालवली, मग सोडा-सायट्रिकवर आलो.

यीस्टचं कौतुक आधी करायला हवं. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, 200 ग्रॅम साखर, लिटरभर पाणी, पाव चमचा बेकरीचं यीस्ट. सगळं घरात नाहीतर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळतं. दुसऱ्या दिवशी बुडबुडे सुरू. आठवड्याभरात दुपारी पानांवर प्राणवायूचे मोती दिसायला लागले, तेव्हा मी खुर्ची ओढून टाकीसमोरच बसलो होतो. एवढ्या कमी पैशांत तो आनंद दुसरीकडे मिळत नाही.

गॅसच्या हिशोबातही यीस्ट मागे नाही. 200 ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर सुमारे 100 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो. 200 ग्रॅम खायच्या सोड्यातून, सायट्रिक पुरेसं असेल तर, जवळपास तेवढाच. मग प्रश्न उरतो तो गॅस कधी सुटतो, आणि कुणाच्या मर्जीने.

मी नागपूरला राहतो. जानेवारीत सकाळी बाटली थंडगार, बुडबुडा येईल तर शपथ. मे महिन्यात तेच मिश्रण अंगात आल्यासारखं उसळायचं आणि आठ-दहा दिवसांत संपायचं. तेही चाललं असतं. माझं मन उडालं ते रात्रींमुळे. दिवा बंद झाला की झाडं गॅस घेणं थांबवतात, उलट स्वतःही सोडतात. यीस्टला मात्र दिवस-रात्र कळत नाही. नळी बंद करावी तर बाटलीत दाब वाढत जातो आणि ती फुटू शकते. म्हणून ती बंद करायचीच नसते. एका मे महिन्यात पहाटे पाचला पाणी प्यायला उठलो, तर सगळे टेट्रा मासे पृष्ठभागाला तोंड लावून धापा टाकत होते. पाण्यातला गॅस रंगावरून दाखवणारा ड्रॉप चेकर हिरव्याचा पिवळाधमक झालेला, म्हणजे गॅस फार वाढलेला. गरम पाण्यात प्राणवायू मुळात कमी, त्यात रात्रभर साठलेला हा गॅस. लगेच एअर पंप लावला, मासे वाचले. पण त्यानंतर रोज रात्री पंप चालवायचा, म्हणजे बाटलीने बनवलेला गॅस पंपाने उडवून द्यायचा. शिवाय मध्यरात्री जाग आली की आधी टाकीकडे बघायचं. मासे आहेत म्हणून झोपमोड, हे मला सहन होईना.

सोडा-सायट्रिकचा दोन बाटल्यांचा सेट घेतला तो एवढ्यासाठीच. एका बाटलीत 200 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड आणि 600 मिली पाणी, दुसरीत 200 ग्रॅम खायचा सोडा आणि 200 मिली पाणी. संध्याकाळी दिव्यासोबत नीडल व्हॉल्व्ह, म्हणजे गॅस कमी-जास्त करायची बारीक तोटी, बंद केला की दोन्ही बाटल्यांतला दाब सारखा होतो, अ‍ॅसिड सोड्याच्या बाटलीत सरकत नाही आणि गॅस बनणं थांबतं. सकाळी दिव्याच्या तासभर आधी उघडायचा. सेकंदाला एक बुडबुडा ठेवून माझं एक भरण तीन-चार आठवडे जातं, आणि उन्हाळ्या-हिवाळ्यात मला तरी मोठा फरक जाणवला नाही.

त्रास यातही आहे. दाब उतरेल तसा व्हॉल्व्ह दोन-तीन दिवसांनी जरासा फिरवावा लागतो. आणि गळती! पहिलं भरण माझ्या हातून एका रात्रीत वाया गेलं, कारण झाकणाचं वायसर नीट बसलं नव्हतं. आता प्रत्येक जोडाला साबणाचं पाणी लावून बघतो. बाटल्या आडव्या पडणार नाहीत अशा कोपऱ्यात ठेवा, सगळं अ‍ॅसिड एकदम सोड्यात गेलं तर दाब झपाट्याने चढतो.

एक फुटाची टाकी असेल, किंवा आपल्या झाडांना गॅस मानवतो का एवढंच बघायचं असेल, तर महिनाभर यीस्ट लावून बघायला माझी हरकत नाही, तेही शक्यतो थंडी सरताना. पण टाकी झोपायच्या खोलीत असेल, मासे दाटीने असतील, किंवा विदर्भातला उन्हाळा तोंडावर असेल, तर मी तरी सोडा-सायट्रिकच सुचवेन.

काहीही घेतलंत तरी गॅससाठी सिलिकॉनची नळी वापरू नका, तिच्यातून तो झिरपतो. पीयू (पॉलियुरेथेन) नळी आणा. एकाच दिशेने जाऊ देणारा चेक व्हॉल्व्हही लावाच, नाहीतर गॅस थांबल्यावर टाकीचं पाणी नळीतून उलटं बाटलीत येतं. आणि ड्रॉप चेकरमध्ये टाकीचं किंवा नळाचं पाणी न भरता 4 डीकेएचचं (डीकेएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट कठीणपणाचं माप) तयार द्रावण भरा, तरच हिरव्या रंगाचा अर्थ साधारण 30 पीपीएम, म्हणजे लिटरमागे 30 मिलीग्रॅम गॅस, असा होतो. रंग बदलायला एक-दोन तास लागतात, तेवढ्यात व्हॉल्व्ह फिरवायची घाई करू नका.