लकव्यानंतरचे अण्णा आणि जुन्या गाण्यांचा प्लेअर : काही महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते. घरात कुणी आजारपणानं खचलेलं असेल तर जुनी गाणी भरून मिळणारा, रेडिओसारखा दिसणारा प्लेअर जरूर घ्या. पण ज्याच्यासाठी घेताय त्याच्याच हाताशी ठेवणार असाल तरच. आमच्याकडं तो पावसाळ्याच्या तोंडावर आला, आता होळी होऊन गेली. घेण्याआधी मी शोधलं तेव्हा जो तो बॅटरी आणि आवाजाबद्दलच लिहीत होता. ऐकणाऱ्या माणसाच्या मनाचं काय होतं ते कुठंच सापडलं नाही, म्हणून हे जरा लांबण लावून लिहितेय.

आम्ही मिरजेचे. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले. गल्लीतल्या भजनी मंडळात वर्षानुवर्षं टाळ धरायचे. दर्ग्याच्या उरुसात गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत गाणं असतं, तिथं सतरंजीवर मांडी घालून रात्र काढणाऱ्यांतले. मेंदूच्या डाव्या बाजूचा रक्तपुरवठा बंद झाला आणि उजवा हात, उजवा पाय आणि बोलणं असं सगळं एकदम गेलं. समजत सगळं होतं, शब्द मात्र सापडत नव्हते. पाणी मागायचं असलं की तोंडातून भलताच शब्द यायचा, तो चुकलाय हे त्यांना कळायचं, आणि मग ते भिंतीकडं तोंड करून पडून राहायचे. दवाखान्यातून घरी आल्यावर जेवण तुटलं, कुणी भेटायला आलं की डोळे मिटून घ्यायचे. डॉक्टर म्हणाले, लकव्याच्या साधारण तीन रुग्णांमागं एकाला नैराश्य येतं, गोळी सुरू करू. ती गोळी आजही चालू आहे. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचं वाचून कुणी औषध थांबवायला जाणार नाही.

प्लेअर दादानं पुण्याहून पाठवला. पहिले काही दिवस तो टीव्हीशेजारच्या फळीवर होता आणि घरात येणारा प्रत्येक माणूस अण्णांना गाणं लावून द्यायचा. मावशी आल्या की स्तोत्रं, शेजारचे काका आले की जुनी हिंदी. 'ऐका, बरं वाटेल', असं सगळ्यांचं म्हणणं. अण्णांच्या कपाळाला आठी. एकदा डाव्या हातानं जोरात पलंगाची कड आपटली, तेव्हा आई म्हणाली, "बंद कर गं, त्यांना नको वाटतंय."

फिजिओथेरपीला येणाऱ्या मुलीनं तो खाली काढला. "यांचा डावा हात चांगला आहे की, तिकडं ठेवा," म्हणाली आणि पलंगाच्या डाव्या बाजूला स्टुलावर ठेवून निघून गेली. या प्लेअरला समोर एक मोठं गोल बटण असतं, फिरवलं की कट् असा आवाज होऊन पुढचा कलाकार लागतो. त्या दुपारी अण्णांनी ते फिरवायला घेतलं. कट्, दोन सेकंद ऐकायचं, कट्. आई स्वयंपाकघरातून येऊन दारात उभी राहिली. बऱ्याच वेळानं एका नाट्यगीतावर हात थांबला. मग तोच हात बटणावरून उचलून पलंगाच्या लोखंडी दांडीवर गेला आणि तर्जनीनं ठेका सुरू झाला. झटक्यानंतर त्यांनी स्वतः ठरवून केलेली ती पहिली गोष्ट होती. मुसंबी खायची की संत्रं, खिडकी उघडी की बंद, हे सगळं तोवर आम्हीच ठरवत होतो.

माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की गाणं त्यांचं त्यांनी निवडलं. नंतर वाचत गेले तेव्हा दिसलं की अभ्यासांतही हेच येतं. फिनलंडमधल्या हेलसिंकीत टेप्पो सार्कामो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लकव्याच्या ६० रुग्णांना घेऊन अभ्यास केला, तो २००८ साली 'ब्रेन' या नियतकालिकात आला. एका गटानं दोन महिने रोज किमान तासभर आपल्या आवडीची गाणी ऐकली, दुसऱ्यानं रेकॉर्ड केलेली पुस्तकं, तिसऱ्याला यातलं काही दिलं नाही. उपचार सगळ्यांचे चालूच होते. गाणी ऐकणाऱ्यांची शब्दांची स्मरणशक्ती आणि एकाग्रता इतर दोन्ही गटांपेक्षा जास्त सुधारली, आणि काहीच न ऐकणाऱ्यांच्या तुलनेत त्यांचं खचलेपण आणि गोंधळलेपण कमी राहिलं. गाणी रुग्णांच्या आवडीची होती, संशोधकांनी लादलेली नव्हती. मंत्र, राग, 'अमुक हर्ट्झचं संगीत' असे जे फॉरवर्ड सकाळ-संध्याकाळ येतात त्यांपेक्षा मला हे फार मोलाचं वाटतं. अमक्या रागानं रक्तदाब उतरतो म्हणून बापाला तो राग चिकटवून ठेवू नका. त्याला तमाशातली लावणी आवडत असेल तर लावणी लावू द्या.

माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातला २०११ चा एक अभ्यासही असाच आहे. ज्या गाण्यानं अंगावर काटा येतो ते गाणं लोकांनी स्वतः आणलं आणि ते ऐकताना त्यांच्या मेंदूचं स्कॅन केलं. आवडीची जागा आली की डोपामाइन हे रसायन स्रवतंच, पण ती जागा येणार येणार म्हणून वाट बघतानाही ते मेंदूच्या दुसऱ्या एका भागात स्रवतं. हे वाचल्यावर मी अण्णांच्या बोटाकडं नीट बघायला लागले. तान समेच्या, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेच्या, जवळ आली की दांडीवरचं बोट हवेत थांबतं, भुवया वर जातात, आणि सम आली की बोट अचूक खाली. पाठ असलेलंच गाणं ते पुन्हा पुन्हा का लावतात हे त्यावरून कळतं. नवं काही ऐकवायचा आग्रह मी तेव्हापासून सोडून दिला.

आता रडण्याबद्दल. हे प्रत्येक घरात होणार, म्हणून सविस्तर सांगते. भीमसेनजींचे अभंग लागले की अण्णांच्या डोळ्यांतून धारा लागायच्या. नातेवाईक लगेच म्हणायचे, आनंदाचं काहीतरी लावा, कशाला रडवताय त्यांना. मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या करून सांगितल्या. लकव्यानंतर काही रुग्णांना कारण नसताना रडू किंवा हसू फुटतं, ते मनात असतंच असं नाही, मेंदूचा आवर सुटलेला असतो आणि थोड्या वेळात थांबतं. तसं वारंवार होत असेल तर त्याला औषध असतं. दुसरं रडणं आपलं नेहमीचं, आठवणीचं. बघायचं एवढंच की रडून झाल्यावर माणूस कसा आहे. अण्णा अभंगानंतर डोळे पुसून घ्यायचे, चहा मागायचे, आणि पुष्कळदा तोच अभंग परत लावायचे. ज्याला त्रास होतो तो परत लावेल का? बर्लिनच्या संशोधकांनी २०१४ साली ७७२ लोकांना विचारलं होतं की उदास गाणी ऐकताना काय वाटतं. सगळ्यांत जास्त वेळा आलेली भावना दुःखाची नव्हतीच, जुन्या दिवसांच्या ओढीची होती. आता कुणी 'आनंदाचं लावा' म्हणालं की आई सरळ सांगते, "ऐकू दे की. त्यांचं त्यांनी लावलंय."

मात्र याची दुसरी बाजूही आहे. दिवाळीच्या आसपास ते एकच विराणी दुपारभर लावून पडून राहायला लागले. रडणं नाही, ठेका नाही, नुसतं छताकडं बघणं. जेवणही कमी झालं. ते ऐकणं आणि हे ऐकणं वेगळं होतं, आणि तेही बोटावरूनच कळलं. पुढच्या तपासणीत हे डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी गोळीची मात्रा बदलली. गाणं माणसाला वर काढतं तसं कधी आहे तिथंच घोळवतही ठेवतं. घरच्यांनी गाण्याकडं कमी आणि माणसाकडं जास्त बघावं.

बोलण्याचं सांगायचं तर, अभंगाच्या ध्रुवपदातले शब्द त्यांच्या तोंडून स्पष्ट निघतात. तेच शब्द साधं बोलताना येत नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आईनं देवाला साखर ठेवली. स्पीच थेरपिस्ट ताईंनी समजावलं की पाठ असलेलं गाणं म्हणता येणं आणि मनातलं बोलता येणं या निरनिराळ्या गोष्टी आहेत, तेव्हा आता बोलतीलच अशी आशा धरून बसू नका. पण सूर आणि डाव्या हाताचा ठेका धरून छोटी वाक्यं म्हणवून घ्यायची पद्धत १९७३ पासून आहे, बॉस्टनमधल्या डॉक्टरांनी मांडलेली. त्याच चालीवर ताई अण्णांकडून 'पाणी दे', 'उठव मला' म्हणवून घेतात. 'पाणी दे' आता बहुतेक वेळा येतं. ते येतं त्या दिवशी अण्णांचा सगळा दिवस चांगला जातो. मग संध्याकाळी ते स्वतःहून खुर्चीत बसवायची खूण करतात.

आईला याचा फायदा होईल हे आमच्या ध्यानीमनीही नव्हतं. रात्री दोनदा उठून कूस बदलायची, सकाळी स्पंजिंग, दुपारी व्यायाम, सगळं तिच्याकडं. अण्णा दुपारी झोपले की ती प्लेअर स्वयंपाकघरात नेते, आवाज अगदी बारीक करते आणि तलत महमूदची गाणी लावून भाजी निवडते. तिला तलत आवडतो हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मी विचारलं तर म्हणाली, "तुमच्या अण्णांच्या टाळापुढं माझं कुठं ऐकू जाणार होतं!" त्या तासाभरात तिला कुणी हाक मारायची नाही असं आता घरात ठरलंय. सेवा करणाऱ्याच्या मनाकडं कुणाचं लक्ष नसतं. शक्य असेल तर त्याच्यासाठी वेगळा लहानसा रेडिओ घ्याच.

आता यंत्राबद्दल. मोठं गोल बटण हा याचा सगळ्यांत मोठा गुण, लकव्याच्या रुग्णाला मोबाइलची काच जमत नाही. मोबाइलवर अभंग रंगात आला की मध्येच कर्कश जाहिरात येते आणि अण्णा दचकतात. इथं जाहिरात नाही, इंटरनेट नाही. मानवी आवाज भरदार येतो, पण तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, दबतो. बॅटरी आता दुपारपर्यंतच टिकते, सुरुवातीला संध्याकाळ गाठायची. गाण्यांची यादी इतक्या बारीक अक्षरात आहे की म्हाताऱ्या माणसाला भिंगच लागेल. सोबतचा रिमोट चपटा आणि घसरडा, तो आम्ही कपाटात ठेवला. एफएमला आकाशवाणीचं सांगली केंद्र अँटेना खिडकीकडं ओढली की नीट लागतं. बातम्यांची वेळ अण्णांना अजून बरोबर कळते.

सगळ्यांत उपयोगी पडला तो मागचा पेनड्राइव्हचा खाच. मंडळाचं गुरुवारचं भजन दादानं मोबाइलवर रेकॉर्ड करून भरून दिलं. पहिल्यांदा लावलं तेव्हा अण्णांनी हात झटकून बंद करायला लावलं. त्या टाळांत आपला टाळ नाही हे त्यांना बोचलं असणार. आम्ही पेनड्राइव्ह काढला नाही, तसाच राहू दिला. संक्रांतीनंतर कधीतरी त्यांनी तो आपणहून लावला, आणि आता गुरुवारी संध्याकाळी तेच चालू असतं. मंडळातले दोघं-तिघं कधी येऊन बसतात, तेव्हा ते डोळे मिटत नाहीत.

असं रेकॉर्डिंग करणार असाल तर मोबाइल पेटीच्या जवळ ठेवू नका, नाहीतर बाकी काही ऐकू येत नाही, मृदंगापासून चार हात लांब ठेवा. फाइल एमपी३ करूनच भरा, मोबाइलचं मूळ रेकॉर्डिंग आमच्या प्लेअरवर वाजलं नाही. आणि एका पेनड्राइव्हवर एकच भजन मंडळ ठेवा, कारण त्यावरची गाणी पुढं-मागं करायला बटण बारीक आहे आणि ते एका हातानं दाबणं अवघड जातं.