जुहूच्या वाऱ्यात रॉक३: काही महिन्यांच्या वापरानंतर

नवशिक्याने वाऱ्यासाठी डिस्क गोल्फची (चकती फेकून टोपलीत टाकायचा खेळ) पहिली डिस्क कोणती घ्यावी, याचं माझं उत्तर आता पक्कं झालंय: जड मिडरेंज, म्हणजे मध्यम पल्ल्याची डिस्क. लांब पल्ल्याची वेगवान ड्रायव्हर नंतर. मी इनोव्हा कंपनीची रॉक३ घेतली. पावसाळा संपल्यापासून जुहूच्या वाळूत सगळ्यात जास्त तीच फेकली आणि आजही बॅगेत हात घातला की आधी तीच निघते.

डिस्कचे चार आकडे असतात: स्पीड (वेग), ग्लाइड (हवेत तरंगणं), टर्न, फेड. रॉक३चे ५, ४, ०, ३. वाऱ्यात तिसरा आकडा आधी बघायचा. उजव्या हाताने बॅकहँड फेकलेली डिस्क वेगात असताना उजवीकडे झुकू पाहते (हा टर्न, आकडा जितका उणे तितका जास्त) आणि वेग उतरला की डावीकडे वळते (हा फेड). समोरून वारा असला की डिस्कला हवा जास्त वेगाने लागते, म्हणजे तुम्ही प्रत्यक्षात फेकलीत त्यापेक्षा जोरात फेकल्यासारखी ती वागते. इनोव्हाचीच लेपर्ड (६, ५, -२, १) शांत सकाळी फार गोड उडते, नवख्या हातातूनही लांब जाते. दुपारी खारे वारे सुटले की तीच समोरच्या वाऱ्यात उजवीकडे कलंडून वाळूत घुसते. रॉक३ मात्र रेषा सोडत नाही. पाठीमागून वारा असेल तर उलट: रॉक३ लवकर खाली बसते, तिथे लेपर्डच हवी.

जुहू हे शिकायला उत्तम आहे, कारण किनारा उत्तर-दक्षिण आणि दुपारचा वारा समुद्राकडून. वर्सोव्याच्या, म्हणजे उत्तरेच्या दिशेने फेकलं की वारा डावीकडून येतो. फेड होताना डिस्कची पाठ वाऱ्याकडे असते आणि वारा तिला खाली दाबतो. दक्षिणेकडे फेकलं की तोच वारा पोटाखाली शिरतो, डिस्क उचलतो आणि इमारतींच्या बाजूला नेतो. म्हणून दक्षिणेकडचे थ्रो मी छातीच्या उंचीवरच ठेवते. समुद्राच्या दिशेने फक्त ओहोटीला फेका, बहुतेक डिस्क पाण्यात बुडतात. आणि संध्याकाळच्या गर्दीत मुळीच नको, डिस्कची कड लागली तर चांगलंच लागतं.

वाऱ्यासाठी फायरबर्ड घ्या, असा सल्ला सर्रास मिळतो. तिचे आकडे ९, ३, ०, ४. एवढ्या स्पीडची डिस्क उडवायला हातात वेग लागतो. तो नसेल तर ती थोडं जाऊन डावीकडे आपटते आणि वाऱ्याबद्दल काहीच शिकवत नाही. मिडरेंज शिकवते. डिस्कचं नाक, म्हणजे पुढची कड, वर राहिलं तर समोरचा वारा तिला उभी करतो आणि जागच्या जागी पाडतो, हे रॉक३च्या पहिल्या काही थ्रोमध्येच कळतं.

मागवताना वजन नक्की बघा. पीडीजीए या डिस्क गोल्फच्या संघटनेच्या नियमात व्यासाच्या दर सेंटीमीटरला ८.३ ग्रॅमची मर्यादा आहे, त्यामुळे मिडरेंज जास्तीत जास्त १८० ग्रॅमच्या आसपास मिळते. १५० ग्रॅमची डिस्क फेकायला हलकी, पण वारा तिला हवं तिकडे नेतो. मी १७५ च्या खाली जाणार नाही.

प्लास्टिक टणक घ्या. स्वस्त, मऊ प्लास्टिकची पकड छान असते, पण वाळूने कड घासली की टर्न वाढत जातो आणि वाऱ्यातला भरवसा जातो. टणक प्लास्टिक दमट हवेत घामाने निसटतं, त्यासाठी कमरेला सुती पंचा लावा आणि प्रत्येक थ्रोआधी कड व तळवा दोन्ही पुसा.