पोर्शे ९९६: मूळ चेहरा घ्यावा की बदललेला?

पोर्शे ९११ या स्पोर्ट्स गाडीची ९९६ ही पिढी घ्यायचे ज्याने ठरवले आहे, त्याला आधी एका प्रश्नाचा निकाल लावावा लागतो: १९९७ साली आलेला मूळ चेहरा हवा, की २००२च्या मॉडेलपासूनचा बदललेला? छताची उतरण आणि दरवाजे दोन्हींत तेच आहेत. वाद आहे तो जवळजवळ सगळा पुढच्या दिव्यांचा.

मूळ गाडीत हेडलाइट, फॉग लाइट आणि इंडिकेटर एकाच आवरणाखाली बसवले होते. जोडणीचा वेळ आणि खर्च वाचवणे हा त्यामागचा सरळ हिशेब होता, आणि त्याच काटकसरीपायी गाडीचा पुढचा बराचसा भाग बॉक्स्टर या धाकट्या गाडीशी सामाईक ठेवला गेला. दिव्याच्या खालच्या कडेला ओघळल्यासारखा दिसणारा केशरी इंडिकेटर पाहून लोकांनी त्याला ‘तळलेले अंडे’ म्हणायला सुरुवात केली. ही उपमा एकदा ऐकली की डोळ्यांपुढून हटत नाही, हे खरेच. तरीही नाराजीचे सगळे खापर दिव्यावर फोडणे मला पटत नाही. गोल दिवे आणि हवेने थंड होणारे इंजिन ही ९११ची दोन्ही ओळखचिन्हे एकाच पिढीत गेली, शिवाय महागडी गाडी समोरून स्वस्त गाडीसारखी दिसू लागली. राग त्याचा होता, रेषांचा नव्हता.

रेषा पाहायच्या तर पुढच्या चाकाजवळ उकिडवे बसून पाहाव्यात. मडगार्डचा उंचवटा खाली उतरत येतो, दिव्याचे आवरण तोच उतार पुढे नेते आणि त्याची खालची कड बंपरकडे अलगद वळते. काही नंतर चिकटवल्याची खूण कुठेच नाही. २००२च्या गाडीला ९११ टर्बो या अधिक ताकदवान, महागड्या आवृत्तीच्या धाटणीचे दिवे मिळाले. त्यांची बाह्यरेषा कोनदार आणि इंडिकेटर पारदर्शक असल्याने नजर करारी वाटते आणि बॉक्स्टरशी होणारी गल्लत थांबते. (साम्य मात्र संपले नाही, ते धाकट्याऐवजी थोरल्या भावंडाशी जडले.) दिव्याचा खालचा कोपरा मला आजही अडल्यासारखा वाटतो.

आज मूळ गाडी घेऊन पुढे दिवे बदलू, असा बेत असेल तर तो सोडावा, कारण दिव्यांबरोबर मडगार्ड आणि बंपरही बदलावे लागतात. रंगाचाही विचार करावा: लाल किंवा पिवळ्या गाडीत केशरी भाग मिसळून जातो, चंदेरी गाडीत तो आधी नजरेत भरतो.

दिसण्यापलीकडे पारडे नव्या गाडीकडे झुकते. इंजिन ३.४ लिटरचे ३.६ लिटर आणि ३०० अश्वशक्तीची ३२० झाली, आणि मूळ गाडीत नसलेला ग्लव्ह बॉक्स (डॅशबोर्डमधला सामानाचा कप्पा) आला. कॅब्रिओलेची मागची प्लॅस्टिकची खिडकी जाऊन तिथे काच बसली, त्यामुळे उघड्या छताची गाडी हवी असणाऱ्याने दिव्यांचा वाद न घालता बदललेलीच घ्यावी. कूपे, म्हणजे पक्क्या छताची गाडी, घ्यायची असेल आणि रंग चंदेरी नसेल, तर माझे मत मूळ चेहऱ्याला. मात्र दिव्यांचे आवरण पिवळे पडलेले नाही ना, एवढे आधी तपासावे, कारण धुरकट आवरणातल्या त्या अंड्याची बाजू मलाही घेता येणार नाही.