ट्रेनरवर सायकल कुठे झिजते : व्हील-ऑन, डायरेक्ट ड्राइव्ह आणि रोलर यांची तुलना

घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवता येईल अशा साधनावर, चालवलेली सायकल रस्त्यावरच्या सायकलीपेक्षा कमी झिजते, ही समजूत अर्धीच खरी आहे. धूळ, चिखल आणि खड्डे टळतात हे खरे. पण रस्त्यावर जी झीज सायकलभर विखुरलेली असते, ती ट्रेनरवर मोजक्या जागी एकवटते. त्या जागा कोणत्या, हे ट्रेनरच्या प्रकारावर अवलंबून असते. म्हणून आवाज आणि अचूकतेइतकाच हा मुद्दाही खरेदीपूर्वी तपासायला हवा.

व्हील-ऑन प्रकारात मागचे चाक जागेवरच राहते आणि एक छोटा रूळ टायरवर दाबून बसवला जातो. या रुळाचा व्यास जेमतेम काही सेंटिमीटर असल्यामुळे टायर तेवढ्याच जागी खोल दबतो, प्रत्येक फेऱ्याला वाकतो, सरळ होतो आणि तापतो. जोरात पेडल मारल्यावर टायर रुळावर घसरतो, तेव्हा रबराची बारीक काळी पूड सुटते. काही दिवसांत ती ट्रेनरखाली फरशीवर साचलेली दिसते. सपाट झालेला टायर हाताने सहज ओळखता येतो: मधल्या पट्ट्यावरून बोट फिरवले की गोलाईऐवजी सपाटी लागते आणि दोन्ही बाजूंना कड जाणवते. असा टायर रस्त्यावर वळण घेताना एकसारखा कलत नाही, त्यामुळे तो रस्त्यावर तसाच वापरत राहणे मला धोक्याचे वाटते. रूळ फार सैल ठेवला तर टायर घसरतो आणि फार आवळला तर तापतो. म्हणून हवा दर वेळी सारखीच भरावी आणि रूळ उत्पादकाने सांगितले आहेत तेवढेच फेरे आवळावा. ट्रेनरसाठी वेगळा, कडक रबराचा टायर मिळतो. तो उष्णता चांगली सोसतो, पण रस्त्यावर, विशेषतः ओल्या रस्त्यावर, त्याची पकड कमी पडते. त्यामुळे तो लावलेले चाक फक्त घरात वापरण्याची शिस्त पाळावी लागते. शिवाय मागच्या चाकाची क्विक रिलीज दांडी (चाक फ्रेमला आवळणारी, खटक्याने सैल होणारी दांडी) ट्रेनरच्या पकडीत चिरडू नये म्हणून सोबत येणारी पोलादी दांडीच बसवावी.

डायरेक्ट ड्राइव्हमध्ये मागचे चाक काढून फ्रेम थेट ट्रेनरवर बसते. टायरचा प्रश्न मुळातच संपतो, आणि याच कारणासाठी मी नियमित सराव करणाऱ्याला हाच प्रकार सुचवतो. बदल्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली साखळीची: ट्रेनरवर स्वतंत्र कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच) असते, पण साखळी एकच असते. ताणलेली साखळी घरातली आणि रस्त्यावरची अशा दोन्ही कॅसेटचे दाते खाते. साखळीची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची असते. म्हणजे 24 कड्यांचे माप 12 इंच भरले पाहिजे, आणि ते 1/16 इंचाने वाढले की साखळी साधारण 0.5 टक्के ताणली आहे. अकरा आणि बारा गिअरच्या (म्हणजे कॅसेटमध्ये तेवढ्या चकत्या असलेल्या) साखळ्या बदलण्याची हीच वेळ. त्याहून कमी गिअरच्या साखळीला 0.75 टक्क्यांपर्यंत वेळ देता येतो. इथे एक सवय तपासून पाहावी. प्रतिकार ट्रेनर स्वतः ठरवत असला, तर चालवणारा तासन्तास एकाच गिअरमध्ये बसतो आणि कॅसेटमधली ती एकच चकती झिजते. म्हणून दर काही दिवसांनी गिअर बदलावा, पण साखळी तिरपी ओढली जाणार नाही असाच निवडावा. दुसरी गोष्ट फ्रेमची: सायकल मागून घट्ट धरलेली असल्यामुळे, उभे राहून जोर लावताना रस्त्यावर ती जशी डावी-उजवीकडे झुलते तशी इथे झुलत नाही आणि तो मुरडा मागच्या जोडांवर येतो. हे व्हील-ऑनलाही लागू आहे. कार्बन फ्रेम असल्यास उत्पादकाच्या वॉरंटीत ट्रेनरला परवानगी आहे का, हे घेण्याआधीच वाचावे. ट्रेनरखाली झुलती फळी ठेवली की हा ताण बराच कमी होतो.

रोलर म्हणजे जमिनीवर ठेवलेले फिरते रूळ; त्यांवर सायकल कुठेच बांधलेली नसते, त्यामुळे फ्रेमसाठी हा सर्वांत सौम्य प्रकार. मागचे चाक दोन मोठ्या रुळांवर टेकत असल्याने टायरही कमी दबतो. मात्र तोल सांभाळायला शिकावे लागते आणि पूर्ण ताकदीचा सराव इथे अवघड जातो.

आता घामाविषयी, कारण सायकलीचे खरे नुकसान मी तिथेच पाहिले आहे. घरात समोरून वारा नसतो. तासाभराच्या कठीण सरावात लिटरभर घाम सहज जातो आणि त्यात साधारण एक ग्रॅम सोडियम असते. तो हनुवटीवरून आणि कोपरांवरून थेट हँडलवर, स्टेमच्या (हँडल धरणाऱ्या तुकड्याच्या) बोल्टवर आणि हेडसेटच्या (हँडल वळवणाऱ्या सांध्याच्या) वरच्या बेअरिंगवर ठिबकतो. दोन वर्षे घरात चालवलेल्या माझ्या सायकलीची बार टेप (हँडलवर गुंडाळलेली पट्टी) मी उलगडली, तेव्हा आतून पांढरी भुकटी झडली आणि ॲल्युमिनियमच्या नळीवर नखाला लागतील असे खड्डे दिसले. बाहेरून टेप अगदी नवी दिसत होती. ते हँडल मी त्याच दिवशी काढून टाकले, कारण हँडल तुटते तेव्हा चालवणारा सरळ तोंडावर पडतो. हा धोका तिन्ही प्रकारांत सारखाच आहे आणि महागडा ट्रेनर घेऊन तो टळत नाही. मोठा पंखा, हँडल आणि वरच्या नळीवर टॉवेल, सराव संपताच ओल्या फडक्याने पुसणे आणि वर्षातून एकदा टेप उलगडून हँडल पाहणे, एवढे करावेच.

निवड सायकलीवरून करावी. आठवड्यातून एखाद्या वेळी चालवायचे असेल आणि हाताशी पोलादाची किंवा ॲल्युमिनियमची जुनी सायकल असेल, तर व्हील-ऑन आणि ट्रेनरचा टायर पुरेसा आहे. रोजचा सराव असेल आणि तीच सायकल रस्त्यावरही न्यायची असेल, तर डायरेक्ट ड्राइव्हवर जास्त खर्च करावा; मात्र दर वेळी मागचे चाक काढण्या-बसवण्याचा त्रास त्यात आहे. फ्रेम नाजूक असेल किंवा वॉरंटी आड येत असेल, तर रोलर. डायरेक्ट ड्राइव्ह घेतलात आणि सायकलीला हायड्रॉलिक डिस्क ब्रेक असतील, तर चाक काढल्याबरोबर पॅडच्या मधे प्लॅस्टिकचा तुकडा अडकवून ठेवा. चुकून मागचा ब्रेक दाबला गेला, तर पॅड एकमेकांना चिकटतात आणि चाक परत बसवायला जागा उरत नाही.