बेळगावातनं एका दिवसात जंगल बघायचं, तर भीमगड, काळी की मोले?

दसऱ्याच्या सुट्टीत पाहुणे येणार म्हटलं की घरोघरी हाच प्रश्न, दांडेली करायची की दूधसागर, की आपलं खानापूरचंच जंगल? मी तिन्हीकडं बऱ्याचदा गेलोय आणि माझं मत असं झालंय की जागा नंतर ठरवा, आधी गाडीत कोण बसणार आणि महिना कुठला ते बघा.

आधी गोव्यातलं मोले, कारण चुका सगळ्यात जास्त तिथंच होतात. दूधसागर धबधबा 310 मीटर उंच, भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत, आणि तो खरा भरतो जुलै-ऑगस्टमध्ये, पण नेमकं तेव्हाच कुळे गावातनं धबधब्याकडं नेणारी जीप बंद असते. मग पोरं कॅसलरॉक स्टेशनला उतरून रुळावरनं चालत जायला बघतात. नका जाऊ, खरंच नका. रुळावरनं चालणं रेल्वे कायद्यानं गुन्हा आहे, वाटेत बोगदे आहेत, आणि 2023 च्या जुलैमध्ये तिथं गेलेल्या पोरांना रेल्वे पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या होत्या, व्हिडिओ सगळ्यांनी बघितलाय. पावसाळ्यात धबधबा बघायचाच असेल तर त्या मार्गानं जाणाऱ्या रेल्वेचं तिकीट काढा आणि खिडकीतनंच बघा. जीप पाऊस सरल्यावर, साधारण ऑक्टोबरात सुरू होते, तेव्हा पाणीही बऱ्यापैकी असतंय. पण रस्ता ओढ्यातनं जातो, हादरे जबर, म्हणून पाठदुखीवाल्यांना आणि गरोदर बाईला त्यात बसवू नका. त्यांना तांबडी सुर्लाच्या महादेवाला न्या. कदंबांच्या काळातलं काळ्या दगडाचं छोटं देऊळ, शेजारी नदी, भोवती गर्द झाडी, म्हाताऱ्या माणसांना तिथं बसूनच बरं वाटतंय.

काळी म्हणजे दांडेली-अणशी. अणशी राष्ट्रीय उद्यान 1987 चं, नंतर दांडेलीचं अभयारण्य जोडून व्याघ्र प्रकल्प झाला आणि 2015 पासून त्याला काळी नाव पडलं. सफारी फणसोलीतनं. वाघ दिसंल या आशेनं जाणाऱ्याला मी आधीच सांगतो, हे ताडोबा नव्हे, झाडी इतकी दाट की वीस फुटांवरचा गवाही दिसत नाही. काळा बिबट्या आहे, पण दिसणं सगळं नशिबावर. पक्षी बघणाऱ्याला मात्र तिन्हींत हीच जागा, धनेश बघायला सकाळी लवकर पोचा, दहानंतर काही खरं नाही. कॉलेजची पोरं असतील तर गणेशगुडीला राफ्टिंग, ते सुपा धरणातनं पाणी सोडण्यावर अवलंबून असतंय, म्हणून फोन करून मगच निघा. सिंथेरी रॉकला, म्हणजे पायऱ्या उतरून बघायच्या मोठ्या खडकाला, आईला घेऊन गेलो होतो, उतरताना ती खूश होती पण वर चढताना तिचे गुडघे इतके दुखायला लागले की अर्धा तास पायरीवर बसून राहिलो, मला आधी कळायला पाहिजे होतं. गुडघ्याचा त्रास असेल तर सिंथेरी सोडा.

आता आपलं भीमगड. राष्ट्रीय उद्यान नाही, अभयारण्य, 2011 साली झालं, साधारण 190 चौरस किलोमीटर, आणि म्हादई नदीचा उगम याच खानापूर तालुक्यात. इथल्या बारापेडे गुहांतल्या वटवाघळाची, म्हणजे राऊटनच्या वटवाघळाची, जगाला कितीतरी वर्षं फक्त इथलीच माहिती होती, नंतर मेघालयात आणि कंबोडियात सापडलं. म्हणून गुहेत शिरून टॉर्च मारायला, फोटो काढायला जायचं नाही, हे मी हात जोडून सांगतो. भीमगड किल्ला असो की कुठली पायवाट, आत जायला वन खात्याची परवानगी लागते, आणि पावसाळ्यात धबधब्यांवर बऱ्याचदा बंदी असते, खानापुरात विचारूनच पुढं जा. अस्वलं भरपूर, त्यामुळं पहाटे किंवा अंधार पडताना एकट्यानं पायवाटेला लागायचं नाही, गावातला माणूस बरोबर घ्या. गवाळी, कोंगळा, आमगाव, तिथं सगळे मराठी बोलतात, वाट विचारायला अडत नाही.

महिन्याचं म्हणाल तर नोव्हेंबर-डिसेंबर तिन्हीला चांगला. जून ते सप्टेंबर जळवा. डिसेंबरपासून उन्हाळ्यापर्यंत गोचिडांची काळजी घ्यायची, गोचिडीतनं पसरणाऱ्या माकडतापाच्या केसेस गोव्याच्या सत्तरी तालुक्यात झाल्यात, पूर्ण बाह्या, पँट मोज्यात, आणि मेलेलं माकड दिसलं तर लांब राहून वन खात्याला कळवायचं.

मला कुणी विचारलं तर लहान पोरं आणि आजी-आजोबा असतील तर तांबडी सुर्ला, नाहीतर कणकुंबीला मलप्रभेचा उगम आणि माउलीचं देऊळ. कॉलेजची टोळी असेल तर गणेशगुडी. आणि ज्याला चालायचंय, गप्प राहून जंगल ऐकायचंय, त्यानं भीमगडच्या बाजूला यावं, भाकरी-खर्डा बांधून घ्या, आत हॉटेल नाही.